पीटर गॅब्रिएलचा पहिला एकल अल्बम (१९७७): सात मात्रांची टेकडी आणि एकाच गाण्याचे दोन पूर

पानगळ | शनिवार, रात्री १०:४०

माझ्याकडे टीडीकेची एक नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. लंडनला नोकरी करणाऱ्या आतेभावाने १९९१ च्या दिवाळीत आणलेली. 'ए' बाजूवर पीटर गॅब्रिएलचा १९७७ चा पहिला एकल अल्बम पूर्ण भरलेला, आणि 'बी' बाजूवर त्याच्या १९९० च्या निवडक गाण्यांच्या संग्रहातली दादाला आवडलेली गाणी. गाणी कोणत्या क्रमाने भरायची हे दादाने नीट ठरवलं असणार, कारण 'ए' बाजूचं शेवटचं गाणं आणि 'बी' बाजूचं पहिलं गाणं एकच आहे: 'हिअर कम्स द फ्लड'.

मी तेव्हा नाशिकला अकरावीत होते. 'ए' बाजू संपताना ड्रम्स, ऑर्गन आणि कडाडणारी गिटार यांचा असा लोंढा यायचा की आई स्वयंपाकघरातून हाक मारायची. अल्बम एक्केचाळीस-बेचाळीस मिनिटांचा, बाजू पंचेचाळीसची. उरलेली तीन मिनिटं नुसती फितीची खरखर. मी ती पुढे पळवत नसे, का ते आजही सांगता येणार नाही. मग खट्ट करून बटण वर यायचं, कॅसेट उलटी घालायची, आणि तोच माणूस तेच शब्द पियानोवर एकट्याने गायला लागायचा. कितीतरी दिवस मला ही दोन वेगळी गाणी वाटत होती.

परवा माळा आवरताना ती कॅसेट हाती लागली. पुन्हा ऐकली आणि राहवेना म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९६७ मध्ये इंग्लंडच्या चार्टरहाउस शाळेतल्या मुलांनी जेनेसिस हा बँड सुरू केला (पुढे प्रोग्रेसिव्ह रॉकसाठी गाजलेला), त्याचा गायक गॅब्रिएल. मुखवटे आणि वेश ही त्याची ओळख. कोल्ह्याचं तोंड आणि बायकोचा लाल झगा, डोक्याभोवती फुलाच्या पाकळ्या, असलं काय काय. शेवटी शेवटी तर एक वेश इतका फुगीर होता की मायक्रोफोन तोंडापर्यंत नेताना त्रास व्हायचा. १९७४ च्या नोव्हेंबरात त्यांचा दुहेरी अल्बम आला, शंभरावर कार्यक्रमांचा दौरा झाला, आणि मे १९७५ मध्ये फ्रान्समधल्या बेझाँसाँला शेवटचा कार्यक्रम करून गॅब्रिएल बाहेर पडला. त्याची पहिली मुलगी १९७४ च्या उन्हाळ्यात जन्मली तेव्हा बाळाची प्रकृती फार नाजूक होती, आणि बँडचं वेळापत्रक काही थांबत नव्हतं. बाहेर पडल्यावर तो घरी राहिला, भाजीपाला लावला, पियानो शिकत बसला. मग १९७६ च्या उन्हाळ्यात टोरांटोला जाऊन बॉब एझरिन या निर्मात्याबरोबर रेकॉर्डिंग सुरू केलं. अल्बम २५ फेब्रुवारी १९७७ ला आला. त्याचं वय तेव्हा नुकतंच २७ पूर्ण झालं होतं. नाव काय, तर 'पीटर गॅब्रिएल'. पुढच्या तिन्ही अल्बमनाही तेच नाव, एकाच मासिकाचे अंक असावेत तसं. लोक आपले मुखपृष्ठावरून ओळखतात, यावर मोटार म्हणून हा 'कार'.

माझं म्हणणं असं आहे. कपड्यांचे मुखवटे त्याने १९७५ मध्ये उतरवले, पण या अल्बममध्ये आवाजाचे मुखवटे अजून आहेत. दर गाण्याला नवा वेश. एक गाणं गावात पसरलेल्या नाचाच्या रोगसाथीची गोष्ट सांगणाऱ्या नाटकासारखं, एक जुन्या अमेरिकन न्हाव्याच्या दुकानातल्या चौघांच्या गाण्यासारखं, एक ब्लूज, एकात अख्खा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. आणि या सगळ्यात एकच गाणं असं आहे जिथे तो स्वतःच्या चेहऱ्याने उभा आहे: 'सॉल्सबरी हिल'. 'फ्लड' हे दुसरं होऊ शकलं असतं, पण त्यालाही जरीचा शालू नेसवला. तो पूर्ण उतरवायला त्याला पुढे तेरा वर्षं लागली.

तुम्हाला काय वाटतं? वाद्यांतल्या जाणकारांनी जरूर लिहावं.

---

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ११:१५

सुरेख लिहिलंय. खरखर पुढे न पळवणं अगदी पोचलं. एक प्राथमिक प्रश्न: प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नेमकं काय? मी आयुष्यभर भावगीतं आणि नाट्यसंगीत ऐकणारा माणूस.

---

फॉक्सट्रॉट_७२ | शनिवार, रात्री ११:४०

@कृष्णाकाठ, थोडक्यात सांगतो. वाद्यं रॉकची, पण रचना तीन मिनिटांच्या गाण्यात न मावणारी. अनेक भाग, बदलते ताल, मध्येच पाश्चात्त्य अभिजात संगीताची वळणं, आणि बरेचदा एखादी मोठी कथा. जेनेसिसची 'सपर्स रेडी' ही रचना तेवीस मिनिटांची आहे. ती एकदा सवडीने ऐका, मग लक्षात येईल की असं काही गाऊन झाल्यावर माणूस चार-पाच मिनिटांच्या गाण्यांकडे का वळला असेल. या धाग्यातल्या अल्बमवरचं सगळ्यात लांब गाणं सात मिनिटांच्या जरासंच वर आहे.

पानगळताई, मी जेनेसिसचा माणूस, त्यामुळे हा अल्बम मला आजही थोडा लागतो. तो गेल्यावर ड्रमर फिल कॉलिन्स गाऊ लागला आणि १९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' हा अल्बम गॅब्रिएलच्या पहिल्या अल्बमच्या वर्षभर आधी आला. सलगतेच्या कसोटीवर तो सरळ सरस आहे. गॅब्रिएलच्या अल्बममध्ये नऊ गाणी आहेत आणि नऊ माणसांनी केल्यासारखी वाटतात. मुखवट्यांची उपमा तुम्ही कौतुकाने वापरली आहे, मला ती उणीव वाटते.

---

पानगळ | रविवार, सकाळी ८:०५

कौतुकाने नाही हो, मलाही ती उणीवच वाटते. पण घर सोडून आलेल्या माणसाची उणीव आहे. आठ वर्षं तो बँडचा आवाज होता. एकट्याचा आवाज कसा असतो हे त्याला कळायचं कुठून? तो एकेक कपडा घालून आरशासमोर उभा राहतोय असं मला दिसतं.

---

डग्गा | रविवार, सकाळी ९:३०

'सॉल्सबरी हिल'च्या तालाबद्दल लिहितो, कारण ते गाणं मी विद्यार्थ्यांना मुद्दाम ऐकवतो.

सात मात्रांचं गाणं आहे. आपल्याकडे सात म्हटलं की तोंडून रूपक येतो: ती ती ना, धी ना, धी ना. तीन-दोन-दोन. पण गाण्याबरोबर रूपक लावून बघा, काहीतरी अडतं. कारण रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'ची आहे, ती डग्ग्याविना पोकळ पडते, आणि वजन मागे चौथ्या मात्रेवर येतं. या गाण्यात तसं नाही. पहिल्या मात्रेवर पाय घट्ट पडतो. म्हणून मला ते पखवाजातल्या तेवऱ्याच्या जास्त जवळचं वाटतं: धा दिं ता, तिट कत, गदि गन. तेवऱ्याची सम भरीव, आणि चालही पुढे रेटणारी.

दुसरी गंमत म्हणजे खालचा मोठा ड्रम मात्रेमात्रेवर सरळ वाजतो. तो सात मोजत नाही, नुसता चालतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं हे साधं चालण्याचं गाणं आहे. पाय टेकडी चढतोय, आणि वरची गिटार दर आवर्तनात एक मात्रा आधीच वळतेय. आठवी मात्रा येईल म्हणून आपण पाय उचलतो आणि तोवर सम आलेली असते. सतत अर्धं पाऊल पुढे झुकल्यासारखं. चढावर असंच होतं.

आता मुख्य जागा. टेकडीवर चढलेल्या माणसाला ऐकू येणारा आवाज त्याला घरी न्यायला आल्याचं सांगतो ना, तिथे, दर वेळी धृवपदाच्या शेवटी, दोन आवर्तनं सरळ चार-चार मात्रांची होतात. ताल सपाटीवर येतो. घराचा उल्लेख आणि चाराचा ठेका एकत्र येतात. आणि लगेच पुन्हा सात. माझी एक विद्यार्थिनी हे पहिल्यांदा मोजताना तिथे थांबली आणि म्हणाली, "सर, इथे बसायला जागा दिलीय."

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी १०:१०

वाचनखूण साठवली. तेवरा धरून पाच वेळा ऐकलं. चौथ्यांदा चाराची जागा सापडली!

---

एव्हनकाठी | रविवार, दुपारी १:२०

मी ब्रिस्टलला राहते. ही टेकडी बाथ शहराच्या लगत, बाथईस्टन गावाच्या डोक्यावर आहे. स्थानिक लोक लिटल सॉल्सबरी हिल म्हणतात. उंची समुद्रसपाटीपासून १९१ मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ती टेकाड वाटेल. वर मात्र सपाट माथा, लोहयुगातल्या किल्ल्याच्या तटबंदीचे मातीचे उंचवटे, आणि खाली पिवळसर दगडाचं बाथ.

मागच्या ऑक्टोबरात आई-बाबा आले होते, त्यांना घेऊन गेले. शेवटची वाट ओली होती, आईने चपला हातात घेतल्या. वर वारा असा की बोललेलं ऐकू येईना. संध्याकाळ झाली आणि खाली एकेक दिवा लागू लागला. गाण्यात तो रात्री वर चढतो आणि खाली शहराचे दिवे दिसतात, तेवढंच आहे. मी हेडफोनचा एक बोंडू बाबांच्या कानात घातला. बाबा सगळं ऐकून म्हणाले, "हा नोकरी सोडून आलेला माणूस आहे ना?" मी त्यांना जेनेसिसबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. बाबांनी स्वतः ४२ व्या वर्षी बँकेतली नोकरी सोडून शेती धरली होती.

आणखी एक. या टेकडीखालून रस्ता काढायला १९९४ मध्ये मोठा विरोध झाला होता, माणसं झाडांवर चढून बसली होती. रस्ता झालाच. वरून त्याचा घुमारा सतत ऐकू येतो.

---

विनायक_काका | रविवार, दुपारी ४:००

मी या गृहस्थाला प्रत्यक्ष ऐकलं आहे. ३० सप्टेंबर १९८८, दिल्ली, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. ॲम्नेस्टीचा मानवी हक्कांसाठीचा जगभराचा दौरा होता. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन, सेनेगलचा यूसू एन्दूर आणि गॅब्रिएल. आम्ही पुण्याहून तिघे मित्र झेलम एक्स्प्रेसने गेलो. आरक्षण एकाचंच होतं, आळीपाळीने झोपलो.

त्याने स्टीव्ह बिको या दक्षिण आफ्रिकेतल्या कार्यकर्त्यावरचं गाणं म्हटलं, तेव्हा शेवटचा आलाप लोकांच्या हवाली करून तो मागे सरला. आम्हाला बिको कोण हेही धड ठाऊक नव्हतं, तरी आम्ही गात होतो. पुण्याला परतल्यावर मी त्याचं मिळेल ते शोधू लागलो, आणि हा पहिला अल्बम सगळ्यात शेवटी हाती आला. म्हणजे मी उलटा प्रवास केला. आधी पिकलेलं फळ खाल्लं, मग रोप पाहिलं.

त्यामुळे सांगतो, फॉक्सट्रॉट म्हणतात तशी ही नऊ माणसांची नऊ गाणी नाहीत. 'हमड्रम' ऐका. साडेतीन मिनिटंसुद्धा नाही. सुरुवातीला इलेक्ट्रिक पियानो आणि पुटपुटल्यासारखा आवाज, मध्ये जरा लॅटिन ठेका डोकावतो, आणि शेवटी लॅरी फास्टच्या सिंथेसायझरचं आभाळ उघडतं. पुढचा सगळा गॅब्रिएल त्या शेवटच्या मिनिटात आहे. यावर कोणी बोलतच नाही याचं मला वाईट वाटतं.

---

फॉक्सट्रॉट_७२ | रविवार, संध्याकाळी ५:३०

काका, नमस्कार. तुमचं ऐकून 'हमड्रम' तीनदा ऐकलं. मान्य. ते गाणं मी इतकी वर्षं 'सॉल्सबरी'च्या सावलीत सोडून दिलं होतं.

एझरिनबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे. त्याने याआधी ॲलिस कूपरचे अल्बम केले होते, लू रीडचा 'बर्लिन' केला होता. माणूस भव्यतेचा. रॉबर्ट फ्रिपसारखा गिटारवादक स्टुडिओत आणून त्याला एका कोपऱ्यात बसवलंय. गंमत म्हणजे त्याच्याकडून बँजोसुद्धा वाजवून घेतलाय. पुढे दौऱ्यावर फ्रिप बरेचदा पडद्याआड बसून, 'डस्टी रोड्स' असं टोपणनाव घेऊन वाजवायचा.

---

डग्गा | रविवार, संध्याकाळी ६:१५

तक्रार रास्त, पण एझरिनने दिलेलं एक दानही मोजा. बासवादक टोनी लेव्हिन गॅब्रिएलला या रेकॉर्डिंगमध्ये भेटला. तो अजून सोबत आहे, २०२३ च्या 'आय/ओ' या अल्बमवरही तोच वाजवतो. त्या न्हाव्याच्या दुकानातल्या गाण्यात ट्यूबा वाजवणाराही तोच. 'सॉल्सबरी'ची गिटार स्टीव्ह हंटरची, तोही एझरिनच्याच गोतावळ्यातला. ते बोटांनी छेडलेलं आवर्तन नसतं तर गाणं उभंच राहिलं नसतं.

साथीदार मिळणं ही गायकाच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट असते. आमच्यात चाळीस-चाळीस वर्षं एकाच गायकाबरोबर बसणारे लोक आहेत. कुठे श्वास घेणार हे पाठीवरून कळतं.

---

जुना_रेडिओ | रविवार, रात्री ९:५०

'फ्लड'विषयी लिहायला आलो, कारण हे गाणं माझ्या धंद्याचं आहे. सगळ्यांना वाटतं ते पावसापाण्याच्या पुराबद्दल आहे. गॅब्रिएलने सांगितलेली हकीकत वेगळी आहे. त्याला शॉर्टवेव्ह रेडिओचं वेड होतं. उजेड कमी होत जाईल तशी दूरची स्टेशनं जोरात लागू लागतात याचं त्याला फार नवल वाटे. तसंच माणसांच्या मनातलंही रात्री जोर धरत असेल तर? मनामनांतल्या भिंती विरघळल्या आणि सगळ्यांचे विचार सगळ्यांना ऐकू येऊ लागले तर? तो हा पूर. ज्यांना मन उघडं ठेवायची सवय आहे ते तरतील, लपवून जगणारे बुडतील.

यामागचं शास्त्र सांगतो. दिवसा उन्हामुळे आयनांबरात खाली 'डी' नावाचा थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी व शॉर्टवेव्हच्या खालच्या पट्ट्या शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी वरच्या 'एफ' थरापर्यंत पोचतात, तिथून वळून जमिनीवर येतात, पुन्हा वर जातात, असं करत हजारो किलोमीटर पल्ला गाठतात. म्हणजे रात्री आवाज वाढतो तो केंद्राने जोर लावला म्हणून नाही, मधली भिंत गेली म्हणून.

आमच्या घरी बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. वडील रेडिओची सुई डाव्या-उजव्या बाजूला केसभर सरकवत स्टेशन धरायचे, आणि मधूनच कुठल्यातरी अनोळखी भाषेतला माणूस बोलून जायचा. मी विचारायचो, "बाबा, हा कोण?" ते म्हणायचे, "असेल कोणी, त्यालाही आपण ऐकू येत असू." हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबांचं ते वाक्य आठवून अंगावर काटा आला होता.

आणि म्हणूनच १९७७ चं ध्वनिमुद्रण चुकीचं आहे असं माझं ठाम मत. भिंती गेल्याचं गाणं, आणि त्याच्याभोवती ड्रम-गिटारची भिंत उभी केलीय. रात्री अकरा वाजता दूरचं स्टेशन लागतं तसं ते ऐकू यायला हवं.

---

पानगळ | रविवार, रात्री १०:३०

जुना_रेडिओ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चौतीस वर्षं मी हे गाणं नदीच्या पुराचं समजत होते. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं हे बघायला आम्ही जायचो, माझ्या मनात तेच चित्र होतं.

गॅब्रिएललाही ते ध्वनिमुद्रण अति सजवलेलं वाटलं होतं, हे त्याने पुढे बोलूनही दाखवलं. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, फ्रिपच्या 'एक्स्पोजर' अल्बमवर तो हेच गाणं अगदी कमी वाद्यांत गायला. मग १९९० च्या संग्रहासाठी पुन्हा, फक्त पियानो आणि आवाज. तेच माझ्या 'बी' बाजूवरचं.

मुखपृष्ठाबद्दल लिहायचं राहिलं. पावसात भिजलेली निळी मोटार, काचेआड गॅब्रिएल मान खाली घालून बसलेला. हिप्नोसिस या संस्थेच्या स्टॉर्म थॉर्गरसनची कल्पना, आणि गाडी, लॅन्चिया फ्लाव्हिया, थॉर्गरसनचीच स्वतःची. पाऊस खरा नाही, नळीने पाणी मारलं होतं. फोटो कृष्णधवल, निळा रंग नंतर हाताने दिलेला, आणि थेंबांवरची चकाकी धारदार पात्याने खरवडून आणलेली. माझ्याकडे कॅसेटच असल्याने दादाने कागदावर बॉलपेनने गाण्यांची नावं लिहिली होती. मुखपृष्ठ पहिल्यांदा पाहिलं ते २००३ मध्ये. एवढा नाटकी माणूस पहिल्या अल्बमवर ओळखूही येऊ नये असा बसला आहे, हे बघून मला त्याच्याबद्दल माया वाटली.

---

एव्हनकाठी | रविवार, रात्री ११:०५

शिवाय ड्रायव्हरच्या जागी नाही, शेजारी बसलाय.

---

फॉक्सट्रॉट_७२ | सोमवार, सकाळी ७:४५

माझा मूळ मुद्दा थोडा मागे घेतो, पूर्ण नाही. अल्बम म्हणून 'ट्रिक ऑफ द टेल'च भारी. पण तिथे वाट जुनी होती आणि बँड एकमेकांना ओळखत होता. इथे एकटा माणूस परक्या देशात, ओळख नसलेल्या वादकांबरोबर. लोकांनी ते स्वीकारलंही: ब्रिटनमध्ये अल्बम सातव्या क्रमांकापर्यंत गेला, 'सॉल्सबरी' तेराव्या. 'डाउन द डोल्चे व्हिटा'मधला ऑर्केस्ट्रा मात्र मला अजूनही नको असतो. ते गाणं मी आजही ओलांडून पुढे जातो.

---

विनायक_काका | सोमवार, सकाळी ९:००

ओलांडू नका. त्यातून 'फ्लड'मध्ये जाण्यात मजा आहे. तिथला गोंगाट संपतो आणि मग शांतता येते, भले ती थोडा वेळच का टिकेना.

---

जुना_रेडिओ | सोमवार, रात्री ८:२०

पानगळताई, चौतीस वर्षांची फीत म्हणजे आता फार दिवस चालेल याची खात्री नाही. माझ्याकडे नीट दुरुस्त केलेला डेक आहे. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतो, तिरपेपणा जुळवतो आणि डिजिटल करून देतो. मी पुण्यात असतो, तुम्ही कधी इकडे आलात तर कॅसेट घेऊन या. त्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून ठेवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतील. आणि ती वाजवू नका आता.

---

पानगळ | सोमवार, रात्री ८:५५

मनापासून आभार. पुढच्या महिन्यात भाचीच्या मुंजीला पुण्यात येणारच आहे, कॅसेट घेऊन येते. गुंडाळून ठेवली.

एकच विनंती. दोन फाइल करू नका, एकच सलग करा. आणि 'ए' बाजूच्या शेवटची ती तीन मिनिटांची खरखर कापू नका.